स्वयंपाकघरातला खांडबारा

गंधमुक्तीच्या दिवशी तुमच्या चुलतभावानं उभं राहून चार शब्द सांगितले. नानांची, म्हणजे तुमची, गाडी शेवटच्या स्टेशनात पोचली, असं म्हणाले. त्यांच्यानंतर जे उभे राहिले त्यांनी तुम्हाला वरचा सिग्नल मिळाल्याचं सांगितलं, आणि तिसऱ्यानं तर थेट देवाघरच्या फलाटावर नेऊन उतरवलं. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये डोक्यावर पदर घेऊन बसले होते. रडू येत नव्हतं, राग येत होता. तुम्ही कुठल्याही आगगाडीत बसला नव्हता. शेजारच्या जुबेदाआपाच्या मुलाच्या रिक्षात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही दवाखान्यात गेलात, आणि तिथल्या पलंगावर गेलात. रेल्वेचा त्यात काही संबंध नाही. या लोकांना रेल्वेतलं काही कळत नाही, असं तुम्ही जन्मभर म्हणत आलात. त्या दिवशी मला ते पटलं.

मग तुमचा पुतण्या हर्षल उठला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, शहाणा समजतात त्याला. त्यानं पुढच्या खोलीतल्या तुमच्या छोट्या रेल्वेचं बटण चालू केलं आणि तिथल्या नंदुरबार स्टेशनाचे सगळे सिग्नल हिरवे केले. तिथून स्वयंपाकघरात येऊन त्याच रेल्वेच्या दुसऱ्या स्टेशनाच्या, खांडबाऱ्याच्या, सिग्नलचे दोन्ही हात खाली पाडले, म्हणजे तिथूनही गाडी यायला मोकळी. काकांना सगळीकडून रस्ता मोकळा, असं म्हणून त्यानं हात जोडले. बायकांनी डोळे पुसले.

मी उठले. नवरा गेलेल्या बाईनं त्या दिवशी कोपरा सोडायचा नसतो म्हणे. सोडला. आधी खांडबाऱ्याचे हात वर केले, मग पुरुषांमधून वाट काढत पुढच्या खोलीत गेले आणि नंदुरबार लाल केलं. हर्षल तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"एकेरी रूळ शे," मी त्याला म्हटलं. "दोन्हीकडून हिरवा दिधा तर गाड्या समोरासमोर येतीन. तुन्हा काकानी असं कधी करं नई."

माझ्या नणंदेनं दंडाला धरून मला आत नेलं आणि हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं कोणाला तरी हळूच सांगितलं. अहो, माझं डोकं इतकं ठिकाणावर कधीच नव्हतं.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी लिहिते, कारण तुमच्या माघारी जो तो ही हकीकत आपल्या मनासारखी सांगतो आहे आणि त्यात मी कुठेच नाही. "नानांचा नाद" म्हणतात. "वहिनींनी फार सोसलं" म्हणतात. काय सोसलं मी?

दिवसभर दुकानात शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायच्या आणि संध्याकाळी उरलेली तार घेऊन घरी यायचं, हा तुमचा क्रम. पुढच्या खोलीत फळ्या ठोकल्यात, त्यावर रूळ मांडलेत, चाळलेली बारीक खडी चमच्यानं पसरलीत. नंदुरबार उभं राहिलं. पण एका स्टेशनाची रेल्वे कशी होणार? म्हणून मी गिरणीवर दळण घेऊन गेले असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलंत. मी परत आले तेव्हा माझ्या मसाल्याच्या फळीवर सिमेंटची धूळ होती, हळदीच्या डब्यात विटेचा तुकडा होता, आणि तुम्ही भोकाच्या पलीकडून डोकावून सांगत होता की इथे खांडबारा होईल. मी विचारलं, मधली स्टेशनं कुठे गेली? जागा नाही म्हणालात. मधली सगळी गावं गिळून टाकलीत आणि वर मला हिशेबानं चालण्याचे धडे देता, असं मी सुनावलं. मग मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "अन् या खांडबारामा मास्तर कोन?"

तुम्ही भोकातून माझ्याकडे बघितलंत. तुमच्या मिशीला चुना लागला होता. तो क्षण आठवला की अजून हसू येतं, कारण तुम्ही तोवर त्याचा विचारच केला नव्हता.

अशी मी मास्तर झाले. खऱ्या रेल्वेत एकेरी रुळावर गाडी सोडायची तर पलीकडच्या स्टेशनानं लाईन द्यावी लागते, म्हणून आपल्याकडेही तसंच. तुम्ही पुढच्या खोलीतून घंटी वाजवायची. मी इकडून वाजवली की लाईन मिळाली, तुमचा सिग्नल पडणार, गाडी सुटणार. मी नाही वाजवली तर गाडी उभी. हे तुम्ही तुमच्या अचूकपणाच्या हट्टापायी केलंत, आणि मला काय हातात दिलंत ते तुम्हाला फार उशिरा कळलं. दूध उतू जात असेल तर लाईन नाही. कुकरची शिटी व्हायची असेल तर लाईन नाही.

पेपरवाला आला होता तो दिवस आठवतो? फोटो काढून घेत होता. तुम्ही छाती फुगवून "मन्ही रेल्वे, मन्हा सिग्नल" सांगत होता. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. त्यानं मला विचारलं, तुम्हाला या सगळ्याचा त्रास होत नाही का? मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत, "तिले सवय व्हई गई." त्या संध्याकाळी पॅसेंजर सुटली नाही. तुम्ही घंटी वाजवत राहिलात. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, लाईन दे ना. मी सांगितलं, इथे मालगाडी उभी आहे. रुळावर काहीही उभं नव्हतं, तुम्हाला दिसत होतं. पण खांडबाऱ्याच्या मास्तरचा शब्द शेवटचा हा नियम तुमचाच, त्यामुळे गुपचूप परत गेलात. आजही मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आणि डबे? ते कोणाचे? तुम्ही पत्रा कापलात, चाकं बसवलीत, कबूल. पण तुमचे डबे लग्नातल्या भांड्यांसारखे चकचकीत होते. असे डबे कुठल्या रुळावर दिसतात? रंग उडालेली गाडी म्हणजे मालकाचं दुर्लक्ष, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, गाडी खरी दिसायला हवी असेल तर मळवायला माझ्याकडे द्या. मळ कुठे बसतो हे बाईला शिकवावं लागत नाही, ती आयुष्यभर तोच काढत आलेली असते. खिडकीखाली पानाच्या पिचकारीचे ओघळ, छतावर काजळी, चाकांजवळ ब्रेकची तपकिरी पूड, आणि दाराच्या दांड्याला मात्र मळ नाही, कारण तिथे दिवसभर हात लागतात. हे मी केलं. बारीक ब्रशनं, पिको-फॉल संपवून, दुपारची. तुम्ही पहिला डबा डोळ्यापाशी धरलात आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलात. मग म्हणालात, ठीक शे. तुमच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी कोणाच्या वाट्याला आलं नाही.

गंजासाठी मिरचीपूड आणायची अक्कल मात्र सर्वस्वी तुमची. नंदुरबारची रेल्वे आणि तिच्यावर बाजारातला विकतचा रंग? छे! गावाबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवरून निवडून आणलेल्या लाल मिरचीची पूड गोंदात कालवून आपण अख्खी मालगाडी गंजवली. रंग असा आला की खरंच वाटावं. मग तुमचे मामा सहकुटुंब बघायला आले, तुम्ही पाहुण्यांना गरम होतंय म्हणून पंखा पूर्ण लावलात आणि मालगाडी सोडलीत. ती भोकातून खांडबाऱ्याला पोचेपर्यंत दोन्ही खोल्यांतला एक माणूस धड उभा राहिला नव्हता. मामा शिंकत शिंकत अंगणात, मामी तोंडाला पदर लावून मोरीत. तुम्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत सांगत होता की आपल्या बाजारातून मालगाडी भरते तेव्हा हमालांचं हेच होतं, म्हणजे हे अचूकच आहे. पुढे त्या पुडीला कीड लागली आणि रंगही पांढरट पडला. मग मी फुटका तवा पाण्यात टाकून गंजवला, खरवडला आणि खरा गंज लावला. तो अजून टिकून आहे.

तेव्हा सोसलं म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? सोसत होतो ते आपण दोघं, एकमेकांना.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही, ती आता सांगते. आईच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी म्हसावदला जाऊन राहिले, ती जाईपर्यंत. परत आले तेव्हा घराची दशा व्हायची ती झालीच होती. पुढच्या खोलीत पॅसेंजर नंदुरबारच्या सिग्नलपाशी उभी होती. लाल सिग्नल, गाडीवर धुळीचा थर, आणि इंजिनापासून सिग्नलच्या खांबापर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं. मी विचारलं, इतके दिवस चालवलीच नाही का? तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात, "लाईन कोन देई?"

तुम्हाला कोण अडवणार होतं? भोकापलीकडे कोणी नव्हतं. घंटी स्वतःच वाजवून स्वतःच सोडली असती तर मला कळलंही नसतं. पण तुम्ही नाही सोडलीत. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले, आईसाठी आणि त्या जाळ्यासाठीही. नंतर आपण ती धूळ पुसली नाही. तुम्ही वरून पातळ वॉर्निश फवारून ती कायमची केलीत. खरी धूळ आहे, मुद्दाम बसवलेली नाही, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ती कशी बसली हे मात्र कधी सांगितलं नाहीत.

आता आपल्या भांडणाचं बोलू. ते अर्धं राहिलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

आपल्या गावावरून खऱ्या रेल्वेचा दुसरा रूळ गेला, वर विजेच्या तारा आल्या. तुम्ही फाटकाजवळ जाऊन तासन्‌तास बघत बसायचा. एके दिवशी घरी येऊन जाहीर केलंत की आपली रेल्वे जुनी झाली. दुसरा रूळ टाकायचा, तारेचे खांब उभे करायचे, सिग्नल आपोआप बदलतील असं यंत्र बसवायचं. जायची गाडी इकडून, यायची तिकडून. "आते कोन्हीच कोन्हाले इचारानं काम नई," तुम्ही म्हणालात. किती खुशीत म्हणालात ते!

मी नाही म्हटलं. आपली रेल्वे जुन्या सालात राहू दे. तुम्ही म्हणालात, मग ती खोटी. मी विचारलं, खरं साल कोणतं हे कोणी ठरवलं? हे रोज संध्याकाळी चालायचं. शेवटी तुम्ही माझ्या भिंतीवर जुन्या भोकाशेजारी पेन्सिलनं नवा गोल आखलात आणि सकाळी बोलू म्हणालात. सकाळी तुमच्या छातीत कळ आली.

मी तुम्हाला शंभर कारणं दिली होती. फळी अरुंद आहे, भिंत कमकुवत होईल, खांडबाऱ्याचे जुने सिग्नल शोभतात. खरं कारण एकच होतं आणि ते मी दिलं नाही. या घरात तुम्ही मला एकाच गोष्टीबद्दल विचारत होता. आपल्या मुलानं, निलेशनं, काय शिकायचं ते तुम्ही ठरवलंत. कोरीटची जमीन भावाला सोडून दिलीत, ते मला बाहेरून कळलं. घराला कोणता रंग द्यायचा हेही मला रंगारी आल्यावर समजलं. पण रोज संध्याकाळी तुम्ही घंटी वाजवायचा आणि मी काय म्हणते याची वाट बघायचा. दुसरा रूळ टाकून तुम्ही तेवढंही काढून घेणार होता, आणि तुमच्या ते ध्यानातही नव्हतं. हे त्या वेळी सांगायला हवं होतं असं आता कोणी मला म्हणू नये. तुम्हालाही विचारता आलं असतं.

तुम्ही गेल्यावर निलेश सुरतेहून आला. पोरगा वाईट नाही, तुमच्यासारखाच आहे, ठरवून मोकळा होतो. आईनं आता सुरतेला चलायचं, पुढची खोली भाड्यानं द्यायची, रेल्वे एका शाळेला द्यायची. शाळावाले काचेच्या पेटीत ठेवतील, शेजारी बाबांचा फोटो लावतील. कोणी हात लावणार नाही, धूळसुद्धा बसणार नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी हसायला लागले. त्याला वाटलं मी पुन्हा बिघडले. अहो, अर्धं आयुष्य धूळ बसवण्यात घालवलं आपण!

मग तो म्हणाला, "आई, तू एकली कशी चालवशी? दोन माणसं लागतस. बाबाच सांगेत."

हे मात्र लागलं. कारण खरं होतं. मी एका खोलीत आणि मीच दुसऱ्या खोलीत, असं होत नाही. तुम्ही जे माझ्यावाचून केलं नाहीत ते मी तुमच्यावाचून खोटं खोटं करणार नव्हते. दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. काचेची पेटी तर काचेची पेटी, असंही एकदा मनात आलं.

तिसऱ्या दिवशी जुबेदाआपा भांडं परत द्यायला आली. माझ्या ओट्याशी बसून तिनं इतकी वर्षं चहा घेतला आहे आणि प्रत्येक घंटी ऐकली आहे. मी तिला खांडबाऱ्यात बसशील का विचारलं. तिनं आधी तुमच्यासाठी डोळे पुसले, मग पदर खोचून अटी घातल्या. नमाजाच्या वेळी गाडी नाही. तिच्या सुनेनं हाक मारली तर गाडी थांबेल. आणि लाईन द्यायची की नाही यात मी मधे बोलायचं नाही. मी म्हटलं, मंजूर.

मी तुमच्या स्टुलावर बसले. उंच आहे मेलं, पाय पोचत नाहीत, खाली पाट घेतला. घंटी वाजवली. पलीकडून काहीच नाही. बटणावर बोट ठेवून मी बसून राहिले. भिंतीपलीकडे एक बाई आहे, ती काय करते आहे ते दिसत नाही, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही. अहो, तुम्ही इतकी वर्षं रोज हे करत होता? न ओरडता? तुमच्यासारखा माणूस, ज्यानं बाकी कशाला कोणाची वाट बघितली नाही? मला तिथे, त्या स्टुलावर, तुमचा पहिल्यांदा इतका लोभ दाटून आला की राग ठेवायला जागा उरली नाही. थोडाच वेळ. मग पलीकडून घंटी वाजली आणि मी गाडी सोडली.

रविवारी निलेश टेम्पो घेऊन आलाच. मी फोनवर नाही म्हटलेलं त्यानं ऐकलं होतं, धरलं नव्हतं. टेम्पोवाला म्हसावदकडचा, दोर खांद्यावर टाकून खोलीत शिरला आणि थबकला. वाकून त्यानं डबे बघितले, गंजाला बोट लावून बोटाकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "हाई रेल्वे कोन्ही शे?"

"मन्हा बाबानी," निलेश म्हणाला.

मी स्टुलावरून उतरले नाही. "नई," मी म्हटलं. "मन्ही शे. कोठेच जाणार नई. मीबी नई."

स्वयंपाकघरातून जुबेदाआपानं काय झालं म्हणून विचारलं, मी तिला सांगितलं की काही नाही, खांडबारा सोडू नको. टेम्पोवाल्यानं दोर परत गुंडाळला. रिकामा जाऊ नये म्हणून जुना दिवाण आणि कूलर घेऊन गेला. निलेश जेवला, निघताना पाया पडला. खोली भाड्यानं द्यायचं पुन्हा काढलं नाही.

दुसरा रूळ मी टाकणार नाही. तुम्हाला पटणार नाही, आणि तुम्हाला पटवत बसायची ही माझी पहिली संध्याकाळ नाही. भांडण मी जिंकले असं समजू नका. असं जिंकण्यात काही चव नाही. तुम्ही समोर बसून मला खोटी म्हणायला हवं होतं, मी तुमच्यावर लाटणं उगारायला हवं होतं, आणि मग गाडी सुटायला हवी होती. ते तुम्ही माझ्यापासून नेलंत, त्याची माफी नाही.

आणि एक. त्या दिवशी निलेशसमोर मी निम्मंच बोलले. रेल्वे तुमचीही होती. हे मी त्याला सांगेन, पण नंतर. आधी त्याला माझी आहे हे नीट कळू दे.